अळीचं दार आणि माझं दार

परवा सकाळी दुकान उघडून देवाला अगरबत्ती लावत होतो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक हातात हरभऱ्याचा डहाळा घेऊन पायरीवर येऊन थांबलं. चेहऱ्यावरूनच कळलं, भांडायला आलेत.

"मालक, औषध डुप्लिकेट दिलाव का? काल दुपारी फवारलं. अळ्या जित्त्याच हायत."

डहाळा काउंटरवर ठेवायला सांगितला. एका घाट्यात अर्धं तोंड खुपसून घाटे अळी पडलेली. काडीनं डिवचली. एरवी ही बया लगेच वेटोळं करते. आज नुसती लुळी. जरा हलली न् राहिली. म्हटलं, "मामा, जित्ती हाय, पण खाती का? कालपासून नवीन भोक पडलंय का बघा." मामांनी चष्मा कपाळावर चढवून डहाळा उलटापालटा केला. नव्हतं पडलं. "मग तीन-चार दिवस दम धरा. तिचं जेवण कालच बंद झालंय. मरायला तिला वेळ लागतो."

इमामेक्टिन बेन्झोएट विकणाऱ्याला हे भांडण दर डिसेंबरात ठरलेलं. दहा लिटर पाण्याला ४.४ ग्रॅम टाकायचं असतं. एवढ्याशा चिमटीनं काय होणार म्हणून लोक दुप्पट टाकतात आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट आवाजात भांडायला येतात.

मामांना पंपाचा वॉशरही पाहिजे होता. तो वरच्या फळीवर. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठलो. म्हणजे उठायचं ठरवलं. मांड्या ओंडक्यासारख्या घट्ट झाल्या न् मी अर्धवट वाकलेला तसाच राहिलो, देवळातल्या गरुडासारखा. मामा हसले. "इंजिन थंड हाय व्हय? गरम होऊ द्या, मला घाई न्हाई."

औशाच्या मोंढ्यात सगळ्यांना माझं हे माहीत आहे. काउंटरवर लुळी पडलेली अळी न् काउंटरमागं ताठलेला मी, दोघांचीही भानगड एकाच पदार्थापाशी येते, हे मात्र बायको सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. तो पदार्थ म्हणजे क्लोराइड. काही दुर्मिळ चीज नाही. मिठात वजनानं साठ टक्के तेच असतं. पेशीच्या पातळ पडद्यातून त्याला जाय-ये करायला प्रथिनांची दारं असतात. अळीचं दार माझ्या दुकानातल्या औषधानं उघडं अडकतं. माझ्या मांडीतलं दार जन्मापासून नीट उघडतच नाही.

लहानपणी याला नाव नव्हतं. खो-खोत मी रांगेत उकिडवा बसायचो, पाठीत थाप बसायची, "खो!" आणि मी जागेवरच. पोरं ओरडायची, पीटीचे सर शिट्टी तोंडातून काढून म्हणायचे, "नाटकं बंद कर." चार-पाच पावलं रखडत टाकली की पाय मोकळे व्हायचे न् मग मी सगळ्यांच्या बरोबरीनं पळायचो. त्यामुळं तर सरांचा संशय पक्काच झाला. पळता येतं म्हणजे उठता येत नाही हे खोटं.

त्यात मांड्या अशा भरलेल्या की बघणारा थबकायचा. ज्या लातूर जिल्ह्यानं हरिश्चंद्र बिराजदारांसारखे पैलवान दिले, तिथं असल्या मांड्यांचं पोरगं तालमीबाहेर कसं ठेवतील? आठवीत असताना वस्तादांनी आखाड्यात उतरवलं. सलामीला समोरच्याचा हात धरला तो माझ्याकडून सुटेना. माझी बोटं उघडतच नव्हती. लोकांना वाटलं, काय पकड आहे! टाळ्या पडल्या. मग त्यानं मला तसंच ओढून आपटलं. पाठ मातीला लागली तरी त्याचा हात माझ्या मुठीतच.

शिंक आली की डोळे मिटतात ते चार-पाच सेकंद उघडत नाहीत. म्हणून मोटरसायकलवर मी शिंकेला फार भितो. पोळ्याला जवळ फटाका वाजला न् मी खांबासारखा आडवा पडलो, हात पुढं करायचंही सुचलं नाही. डॉक्टर बरेच झाले. एकानं वात सांगितला, एकानं कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, एकानं आईला बाजूला घेऊन "पोरगं लाडावलंय" म्हणून सांगितलं.

खरं नाव कळलं चौतिसाव्या वर्षी, सोलापूरला, एका न्यूरॉलॉजिस्ट मॅडमकडं. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. छोटी हातोडी घेतली न् अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल गादीवर टक्कन मारली. अंगठा आपोआप आत वळला न् तसाच राहिला, मग हळूहळू, मिटलेली कळी उमलावी तसा बाहेर आला. मॅडम हसल्या. इतक्या वर्षांत माझा रोग बघून आनंदलेलं ते पहिलं माणूस. मग स्नायूत बारीक सुई घालून यंत्राचा आवाज ऐकवला. मोटरसायकलची मूठ पिळून हळूच सोडावी तसा घरघराट, चढत जाणारा, उतरत जाणारा. मी हात हलवत नव्हतो, तरी स्नायू आपला आपण बोलत होता.

मायोटोनिया कॉन्जेनिटा. त्यातला बेकर प्रकार.

मी परभणीला कृषी विद्यापीठात शिकलोय. कीटकशास्त्रात चेतापेशी, सोडियम, पोटॅशियम सगळं घोकलं होतं, पण स्वतःच्या मांडीला ते कधी लावलं नव्हतं. मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. मेंदूचा हुकूम आला की स्नायूच्या पेशीत सोडियम घुसतं, विजेचा झटका बसतो, स्नायू आवळतो. मग पोटॅशियम बाहेर पडतं न् गाडी थंड होते. पण स्नायूच्या पडद्याला आत खोलवर गेलेल्या बारीक नळ्या असतात, आणि बाहेर पडलेलं पोटॅशियम त्या नळ्यांत साचतं. हे साचलेलं पोटॅशियम पडद्याला पुन्हा डिवचतं. निरोगी माणसात ते डिवचणं क्लोराइड गिळून टाकतं. स्नायू स्वस्थ असताना पडद्यातून जी काही विजेची ये-जा होते, तिचा बहुतांश भार, सत्तर-ऐंशी टक्के, एकट्या क्लोराइडच्या दारांवर असतो. पंचमीच्या झोक्यावर बसलेल्या पोरीनं थांबायचं म्हणून पाय जमिनीला घासावेत, तसं त्याचं काम. माझ्या झोक्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. हुकूम एकदा येतो, पण स्नायू त्याच हुकमावर आणखी दहा-वीस हेलकावे खात बसतो.

या दाराचं नाव सीएलसी-१. त्याचा नकाशा सातव्या गुणसूत्रावर. थॉमस येन्च यांच्या गटानं १९९० मध्ये या घराण्यातलं पहिलं दार शोधलं ते टॉर्पेडो नावाच्या, विजेचा झटका देणाऱ्या माशातून. दुसऱ्या वर्षी उंदराच्या स्नायूतलं, आणि १९९२ ला माझ्यासारख्या माणसांत तेच दार बिघडलेलं असतं हे कळलं. दार म्हणावं तर एक नाही, दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, दुनळी बंदुकीसारख्या. २००२ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या प्रयोगशाळेनं जिवाणूतल्या अशा प्रथिनाचं चित्र अणू-अणू मोजून काढलं. ते चित्र मी मोबाइलमध्ये ठेवलंय. पोरांच्या फोटोंच्या मधेच येतं.

त्या रात्री सोलापूरच्या एसटीत मी खिडकीशी बसून थॉमसेनची गोष्ट आठवत होतो. मॅडमनी निघता निघता सांगितलेली. यूलियस थॉमसेन हा डॉक्टर, डेन्मार्क-जर्मनीच्या सीमेवरचा. १८७६ मध्ये त्यानं हा रोग पहिल्यांदा नीट लिहून काढला, आणि तो लिहिला स्वतःवरून न् आपल्या घराण्यातल्या पिढ्यांवरून. कारण काय, तर त्याच्या मुलावर सैन्यभरतीत आरोप झाला होता की पोरगं अंगचोरपणा करतंय, ढोंग करतंय. बाप पेटला न् सगळं घरचं उघड्यावर मांडलं. माझ्या पीटीच्या सरांना तो निबंध वाचायला मिळाला असता तर... जाऊ द्या. सर आता नाहीत.

शेळ्यांची गोष्टही त्याच दिवशीची. अमेरिकेत टेनेसीला १८८० च्या दशकात एक माणूस चार शेळ्या घेऊन आला. दचकल्या की ताठ होऊन आडव्या पडायच्या. त्यांची पैदास वाढली न् पुढं शास्त्रज्ञांनी त्यांच्या स्नायूंत क्लोराइडची वाहतूक मोजली, तेव्हा ती फारच कमी भरली. माणसातला दोष कळायची वाट त्या शेळ्यांवरून गेली. आमच्याकडं उस्मानाबादी शेळी दिसली की मी उगाच मागून टाळी वाजवून बघतो. एकही पडलेली नाही. बायको म्हणते, जित्राबाला कशाला छळता.

आता दुकानाकडं येतो, कारण खरी गंमत मला तिथंच वाटते. मॅडमकडून आल्यावर मी फळ्यांवरचा माल नव्या डोळ्यांनी बघायला लागलो. इमामेक्टिनच्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ग्लुटामेटवर चालणाऱ्या क्लोराइडच्या दारावर काम करणारं. वर्षानुवर्षं ते कागद रद्दीत घातले. औषध पोटात गेलं की अळीच्या मज्जातंतूंतली ही दारं उघडतात न् पुन्हा मिटत नाहीत. क्लोराइड आत येतच राहतं, पेशी गप्प पडते, हुकूम पोचत नाही. जबडा थांबतो. म्हणून अळी आधी उपाशी राहते न् मग मरते. ग्लुटामेटवालं हे दार किडे आणि जंतांना असतं, माणसाला नसतं. म्हणून तर शेजारच्या जनावरांच्या औषधाच्या दुकानातलं आयव्हरमेक्टिन जंतावर चालतं न् शेळी उठून चरायला जाते. दोन्ही औषधं एकाच कुळातली, मातीतल्या एका जिवाणूपासून निघालेली. तो जिवाणू सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या इतो गावच्या मातीत सापडला. त्याबद्दल ते आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. जिवाणूचं नोबेल आपल्या घाटे अळीपर्यंत पोचलं, पण मामा म्हणतात डुप्लिकेट.

त्याच फळीवर जरा उजवीकडं फिप्रोनिल. त्याचं उलटं. ते क्लोराइडची दारं बंद पाडतं. मग किडा थंड पडत नाही, फडफडून मरतो. एकाच बाबतीत दोन टोकांची दोन औषधं मी एका पावतीवर विकलीत.

न् एक डबा आता फळीवर नाही, पण त्याची जागा मला दिसते. एंडोसल्फान. वडिलांच्या काळात दुकानाचा निम्मा गल्ला त्यावर चालायचा. मी दहावीत होतो. एका शेतकऱ्यानं कापसावर वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून दिवसभर फवारणी केली, तोंडाला नुसता रुमाल. संध्याकाळी झटके यायला लागले. बैलगाडीतून आणलं. दात बसलेले, अंग उडतंय. वडिलांनी दुकानातून डबा उचलला न् दवाखान्यात डॉक्टरांच्या पुढं ठेवला, लेबल वाचा म्हणाले. डॉक्टरांनी डायझेपामचं इंजेक्शन दिलं. माणूस वाचला. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. मेंदूत गाबा नावाच्या रसायनावर उघडणारी क्लोराइडची दारं असतात. मेंदूला "पुरे आता" म्हणणारी ती व्यवस्था. एंडोसल्फान ती दारं बुजवतं, म्हणून झटके. डायझेपाम तीच दारं जास्त वेळा उघडायला लावतं. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं एंडोसल्फानवर बंदी घातली, तेव्हा वडील आजारी होते. बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, "लई उशीर केला." ते कुणाबद्दल म्हणाले, मी विचारलं नाही.

मला आधी वाटलं, डायझेपामनं दार उघडत असेल तर माझ्या मांडीचंही उघडेल. मॅडमनी मान हलवली. ही दारं एका घराण्याची नाहीतच. मेंदूतलं वेगळं, स्नायूतलं वेगळं, आतड्यातलं तिसरंच. आत जाणारा पाहुणा तेवढा एक. आतड्यातलं ते तिसरं दार पटकीच्या विषानं सताड उघडं राहतं, क्लोराइड आतड्यात ओसंडतं, मागोमाग सोडियम न् पाणी. माणूस तासांत सुकतो. शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात १९५९ ला ते विष दाखवून दिलं. तेच दार जन्मतः बिघडलेलं असेल तर उलटं होतं, छातीत चिकट कफ साचतो न् लेकराच्या घामाला जास्तीचं मीठ चढतं. घामातलं क्लोराइड मोजूनच तो आजार, सिस्टिक फायब्रोसिस, ओळखतात.

माझ्यासाठी दार उघडणारं औषध नाही. मेक्सिलेटिन मिळालं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं. ते सोडियमला आवरतं, म्हणजे झोक्याला धक्काच हळू द्यायचा. मॅडमनी आधी ईसीजी काढला. पाच-सहा महिने घेतलं, फरक होता, पण पोटात जळजळ व्हायची. सोडलं. आता मी सरावावर चालतो. दर वर्षी औशाहून तुळजापूरला पायी जातो. एकदा निघालो की चहालाही बसत नाही, उभ्यानंच घेतो. बरोबरच्यांना ती भक्ती वाटते.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. यंदा येळवशीला आक्का आली होती, दाजी न् भाच्याला घेऊन. रानात कडब्याची कोप, आत पाच पांडव, भज्जी, उंडे, मडक्यात आंबिल. जेवणं झाली न् आक्कानं विषय काढला. तिच्या पोराला माझी लेक. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, यात कुणाला काही विचारायचं नसतं. माझ्या वडिलांनीही मामाचीच मुलगी केली. माझी आई.

तिथंच तर सगळं आहे. बेकर प्रकारात आई न् बाप दोघांकडून बिघडलेला नकाशा यावा लागतो. एकाकडून आला तर अर्धी दारं चालतात, स्नायूचं भागतं, माणसाला पत्ता लागत नाही. पुढं माझ्या रक्ताची जनुक तपासणी झाली. दोन्ही प्रतींत चूक एकच, अक्षरशः तीच. म्हणजे एका पणजोबाची किंवा पणजीची चूक आजोबांच्या वाटेनं आईकडं न् आज्जीच्या वाटेनं वडिलांकडं आली, आणि माझ्यात परत भेटली.

कोपीच्या सावलीत मी आक्काला बोटांवर मोजून दाखवलं. माझ्या लेकीत ती चूक एक तरी नक्कीच आहे, कारण माझ्याकडं द्यायला दुसरं काही नाही. तू निरोगी, तरी तुझ्यात असायची शक्यता तिनात दोन. तुझ्या पोरात तिनात एक. दोघांत असेल तर दर लेकराला चारात एक. सगळं मिळून बारात एक.

आक्कानं ऐकून घेतलं. "बारात एक. म्हंजी अकरा चांगली की."

मला उत्तर सुचेना.

"आन् तुला तरी काय झालंय रे? दुकान चालवलास, पोरी शिकवलास, तुळजापूरला चालत जातूस. माझ्या गुडघ्याला तर तुझ्यापेक्षा जास्त त्रास हाय."

खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं. या आजारानं माणूस मरत नाही. आयुष्यभर फक्त उठायला उशीर होतो, आणि त्या उशिराचा हिशोब द्यावा लागतो. मी म्हटलं, निदान भाच्याचं रक्त तपासू. त्याच्यात नसलं तर प्रश्नच नाही. असलं तर पुढचं बोलू.

रात्री घरी लेकीला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला त्याच्याशी लग्न करायचंच नाही. बारात एक असू दे नाही तर शून्य असू दे." मग जरा थांबून, "पण आत्याला रक्ताचंच कारण सांगा. तिला राग येणार नाही."

झोप लागली नाही. जन्मभर लोक म्हणाले की पोरगं ढोंग करतंय. पन्नाशीत येऊन मी पहिल्यांदा या आजाराचं खरोखर ढोंग करणार होतो.

काल दुपारी आक्काचा फोन आला. शनिवारी पोराला घेऊन सोलापूरला जातीय, पत्ता पाठव, आणि तपासणीचे पैसे तू द्यायचे, खूळ तुझंच. बरं म्हटलं. मग तिनं विचारलं, "आन् रिपोर्ट चांगला आला तर? मग तर तुझी काही अडचण न्हाई न्हवं?"

लेक समोर काउंटरवर बसून पावत्या लावत होती. तिनं मान वर केली नाही, पण पावत्या लावायची थांबली.